छापील ईमेल : कोणी, कोणाला, केव्हा?

१. प्रश्नाचे स्वरूप

कार्यालयात आलेला ईमेल छापून नस्तीला लावतात, तेव्हा त्या कागदावर काय काय दिसायला हवे? पाठवणाऱ्याचे नाव पुरे, की त्याचा पूर्ण ईमेल पत्ता आणि पदही हवे? तो ज्यांना गेला त्या सर्वांची नावे हवीत, की पहिली दोन नावे आणि ‘इतर अठरा’ एवढ्यावर भागेल? माहितीसाठी प्रत कोणाला गेली, गुप्त प्रत कोणाला गेली, हे कागदाने सांगायचे की नाही? गेली तीसेक वर्षे अभिलेखपाल, वकील, न्यायाधीश, माहिती अधिकाराचे कार्यकर्ते आणि संगणक विभागातली माणसे या प्रश्नाकडे आपापल्या बाजूने पाहत आली आहेत. त्या चर्चेचा हा आढावा.

प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. धरणातून पाणी सोडण्याची सूचना तहसीलदारांना केव्हा मिळाली, निविदेतली दुरुस्ती सगळ्या ठेकेदारांना कळवली होती की एकालाच, मंजुरी साहेबांनी दिली की त्यांच्या खात्यावरून दुसऱ्या कोणी, अशा वादांत मजकूर बहुधा दोन्ही बाजूंना मान्य असतो. भांडण असते ते कोणी, कोणाला आणि केव्हा यावर. ईमेल छापताना नेमकी हीच तीन उत्तरे आधी गळतात.

ईमेल संगणकात असताना तो छापायचा कशाला, असेही कोणी विचारेल. पण नस्तीवर टिपणी चढते, तिच्यावर स्वाक्षऱ्या होतात, लेखापरीक्षक ती चाळतो, न्यायालयात तिचीच पाने दाखल होतात आणि माहिती अधिकारात अर्जदाराच्या हाती पानाला दोन रुपये दराने तिचीच छायाप्रत पडते. ई-ऑफिस आले तरी छापील ईमेल आपल्या कार्यालयांतून गेलेला नाही. म्हणून त्याच्यावर काय असावे हा विचार अजून कामाचा आहे.

२. दप्तराची जुनी शिस्त

मराठी वाचकाला या विषयाची पार्श्वभूमी परकी वाटू नये. उदाहरणार्थ, कुंभकोणमजवळचे चोळपुरम् आज तमिळ मुलखातले एक गाव आहे, पण तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात, म्हणजे १६७६ पासून १८५५ पर्यंत, या कावेरीकाठच्या प्रदेशाचा बराच कारभार मोडी लिपीतल्या मराठीत चालला. कुंभकोणमपासून जवळच असलेल्या तिरुविडैमरुदूरला १७९८ मध्ये पदच्युत झालेल्या राजा अमरसिंहाने आपला दरबार हलवला होता. सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमच्याच मराठी घराण्यात जन्मले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. कागद कसा लिहावा, कसा नोंदवावा आणि कसा जपावा याची एक जाण या मुलखातल्या मराठी मंडळींनी पिढ्यानपिढ्या बाळगली. तंजावरच्या मोडी दप्तराचे रुमाल आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आणि इतरत्र आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या निवडक कागदांचे तमिळ भाषांतर टिपांसह खंडांत प्रसिद्ध केले आहे.

मराठी पत्रव्यवहारात पाठवणारा आणि घेणारा यांची ओळख पत्राच्या मायन्यातच बांधलेली असे. कोण कोणाला लिहितो आहे, दोघांचे नाते बरोबरीचे की सेवक-धन्याचे, हे पहिल्या दोन ओळींत कळे. पत्र पोचले की घेणाऱ्याच्या दप्तरात त्याच्या पाठीवर ‘पै॥’ म्हणजे पैवस्तीची नोंद होई आणि त्यामुळे लिहिल्याची तारीख व मिळाल्याची तारीख अशा दोन्ही एकाच कागदावर येत. मोर्तब आणि ‘बार’ या खुणा कागद दप्तराच्या कोणत्या पायऱ्या चढला ते सांगत. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत आवक टपाल घेणाऱ्या शाखेला आजही बारनिशी म्हणतात, इतकी ती रीत मुरलेली आहे.

या शिस्तीतही एक मोठी उणीव होती, आणि आजच्या चर्चेसाठी ती जास्त बोलकी आहे. पत्रांवर बहुधा ‘छ’ म्हणजे चंद्र, त्याचा आकडा आणि मुसलमानी महिना एवढेच असे. वर्ष लिहीत नसत. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच होते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तेव्हापासून, पुढे सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादले तोवर, संपादकांचा फार मोठा वेळ पत्रांची वर्षे ठरवण्यात गेला. ‘चिरंजीव’ किंवा ‘तीर्थस्वरूप’ एवढ्यावर थांबलेल्या पत्रांत घेणारा कोण हेही ताडून पाहावे लागले. त्या वेळच्या माणसांना सांगायची गरज वाटली नाही तो तपशील दीडशे वर्षांनी कुठूनही मिळत नाही. ईमेलवरचा ‘प्रिय सर’ आणि ‘आपला, कुमार’ त्याच जातीचा आहे.

३. ईमेल कसा बांधलेला असतो

संगणकाच्या जाळ्यावर ‘@’ चिन्हाने व्यक्ती आणि यंत्र जोडणारा पत्ता रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये वापरला. ईमेलच्या मजकुरावर कोणत्या ओळी असाव्यात याचे नियम १९७७, १९८२, २००१ आणि २००८ अशा टप्प्यांनी पक्के होत गेले. पाठवणारा, घेणारा, माहितीसाठी प्रत, विषय, तारीख आणि त्या निरोपाचा स्वतंत्र ओळखक्रमांक या ओळी तिथून आल्या. आजच्या नियमांत सक्तीच्या ओळी दोनच आहेत : तारीख आणि पाठवणारा. घेणाऱ्याची ओळ नसलेला ईमेलही नियमाने पूर्ण ठरतो. छापील प्रतीवर घेणाऱ्याची जागा रिकामी दिसली तर तो नेहमीच छापणाऱ्याचा दोष नसतो, याचे मूळ इथे आहे.

पुढची अडचण अशी की पाठवणाऱ्याच्या ओळीत दोन भाग असतात. एक दिसणारे नाव, दुसरा खरा पत्ता. दिसणारे नाव ज्याचे त्याने ठरवलेले असते. काही प्रणाली छापताना दोन्ही भाग देतात. काही, विशेषतः एकाच संस्थेच्या आतल्या ईमेलसाठी, फक्त नाव देतात. कुंभकोणम-चोळपुरम् भागात हा फरक लगेच बोचतो. तिथे आडनाव लावण्याची चाल नाही. वडिलांच्या नावाचे एक आद्याक्षर आणि स्वतःचे नाव एवढीच ओळख असते. ‘एस. कुमार’ नावाची दोन-तीन माणसे एका खात्यात सहज निघतात. महाराष्ट्रात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा तिपेडी गोफ असल्याने ही अडचण कमी भासते, पण ‘एस. पाटील’ एवढेच छापले गेले तर आपणही त्याच ठिकाणी येतो.

तिसरी गोष्ट सामान्य वापरणाऱ्याला दिसतच नाही. पत्राच्या आत मायना असतो आणि पाकिटावर पत्ता असतो. टपालवाला पाकीट पाहतो, मायना वाचत नाही. ईमेलचेही तसेच आहे. सर्व्हर ज्या पत्त्यावर निरोप पोचवतो तो पत्ता वेगळा दिला जातो, आणि छापील प्रतीवर येते ती आतली, पाठवणाऱ्याने लिहिलेली यादी. म्हणून छापील ‘प्रति’ची ओळ निरोप कोणाला उद्देशून होता ते सांगते; तो कोणाच्या हाती पडला ते सांगत नाही. गुप्त प्रतीचा मुद्दा यातूनच निघतो. ती ज्यांना गेली त्यांची नावे साधारणपणे पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या प्रतीतच राहतात. घेणाऱ्याने कितीही काळजीपूर्वक छापले तरी ती नावे त्याच्या कागदावर येणे शक्य नाही.

मूळ नियमांत पाठवणारा खरा की खोटा हे तपासण्याची सोय नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी या तपासण्या नंतर आल्या. त्यांचे निकाल निरोपाच्या पूर्ण हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या आधी येणाऱ्या ओळींत, नोंदले जातात. पण हे हेडर कधी कधी पानभर असते आणि त्यातली देवनागरी किंवा तमिळ नावे सांकेतिक रूपात, बरोबर-चिन्हे आणि प्रश्नचिन्हे यांच्यामध्ये कोंबलेल्या अक्षर-अंकांच्या माळेसारखी येतात. ते जसेच्या तसे छापले तर ज्याला वाचायचे आहे त्याला पाठवणाऱ्याचे नावही कळत नाही.

४. वॉशिंग्टनचा खटला

छापील ईमेल म्हणजे अभिलेख का, हा प्रश्न न्यायालयात सर्वात सविस्तर तपासला गेला तो अमेरिकेत. इराण-कॉन्ट्रा शस्त्रविक्री प्रकरणात राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतल्या अधिकाऱ्यांनी ‘प्रॉफ्स’ या प्रणालीवर परस्परांना पाठवलेले निरोप पुसले होते. राखीव टेपांवर ते सापडले. जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांची कारकीर्द संपत असताना व्हाइट हाउसचे ईमेल नष्ट होऊ नयेत म्हणून पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही संस्था न्यायालयात गेली.

सरकारचे म्हणणे होते की महत्त्वाचे ईमेल कागदावर छापून ठेवले की संगणकातली प्रत पुसायला हरकत नाही. न्यायाधीश चार्ल्स रिची यांनी जानेवारी १९९३ मध्ये आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने ते अमान्य केले. अपील न्यायालयाचे कारण आजही लागू आहे : छापील प्रतीवर पाठवणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची खरी ओळख आणि मिळाल्याची वेळ नसू शकते. प्रणाली माणसाला सांकेतिक नावाने ओळखत असे, ‘गट क्रमांक अमुक’ अशा यादीवर निरोप जात असे आणि त्या यादीत त्या दिवशी कोण होते हे दुसऱ्याच ठिकाणी नोंदलेले असे. अशी छाटलेली प्रत मूळ अभिलेखाची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने मानले.

यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९९५ मध्ये नियम केले. ईमेलसोबत पाठवणारा, घेणारे आणि तारीख हा तपशील जपायचा. प्रणाली सांकेतिक नावे किंवा गटयाद्या वापरत असेल तर त्यांमागची खरी नावेही जपायची. याच सुमाराला आलेल्या दुसऱ्या आदेशाने मात्र, तपशीलासह कागदावर उतरवलेला ईमेल संगणकातून पुसण्याची मुभा दिली. तिच्याविरुद्ध पब्लिक सिटिझन ही संस्था लढली. १९९७ मध्ये खालच्या न्यायालयात ती जिंकली, १९९९ मध्ये अपिलात हरली. म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी कायद्याचा निष्कर्ष असा होता की कागद चालेल, पण त्यावर कोणी, कोणाला, केव्हा हे पूर्ण असले पाहिजे.

पुढे व्यवहारच बदलला. २०१२ च्या निर्देशाने तिथल्या सर्व खात्यांना २०१६ च्या अखेरपर्यंत ईमेल इलेक्ट्रॉनिक रूपातच सांभाळायला सांगितले. कागदाचा काळ संपत आल्याची ती खूण होती. तरीही डिसेंबर २०१४ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी आपले ईमेल खात्याला दिले ते सुमारे ५५ हजार छापील पानांच्या रूपात. ती पाने पुढे लोकांसाठी खुली झाली तेव्हा नावे ठेवून खासगी पत्ते झाकले गेले. खुलेपणा आणि खासगीपण यांतली एक वाट त्यातून दिसली.

५. भारतीय कायद्याची वाटचाल

भारतात या विषयावर एकच नियम नाही. वेगवेगळ्या कायद्यांतल्या तरतुदी जोडून चित्र तयार होते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चे कलम ७ या चर्चेचा कणा आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपताना त्याचे उगमस्थान, गंतव्यस्थान आणि पाठवल्या-मिळाल्याची तारीख-वेळ ओळखता येईल असा तपशील त्यात उपलब्ध असला पाहिजे, असे ते सांगते. त्याच कलमात एक अपवादही आहे : निरोप पोचावा एवढ्यासाठीच यंत्राने आपोआप निर्माण केलेल्या माहितीला ही अट लागू नाही. पूर्ण तपशीलाचा आग्रह धरणारे पहिल्या वाक्यावर बोट ठेवतात, तर मोजक्या तपशीलावर समाधान मानणारे अपवादावर. निरोप कोणाच्या नावे धरायचा हे कलम ११ सांगते आणि तो केव्हा व कुठे पोचला असे मानायचे हे कलम १३. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पी. आर. ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या प्रकरणात ईमेलने दिलेली स्वीकृती कुठे मिळाली असे धरायचे याचा निर्णय याच कलमाच्या आधारे दिला. ट्रायमेक्स आणि वेदांत यांच्या वादात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईमेलच्या देवघेवीतून करार झाल्याचे मान्य केले. कोणाचा ईमेल आधी आणि त्यावर कोणाचे उत्तर, हा क्रम अशा खटल्यांचा पाया असतो.

पुराव्याच्या कायद्यातली वाट जास्त वळणांची आहे. २००० मध्ये पुरावा अधिनियमात कलम ६५-ब आणि ८८-अ आले. ८८-अ नुसार पाठवणाऱ्याने भरलेला मजकूर आणि पोचलेला मजकूर एकच आहे असे न्यायालय गृहीत धरू शके. पण तो कोणी पाठवला याबद्दल काहीही गृहीत धरता येत नसे. छापील कागदावर पाठवणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत असले तरी ते सिद्ध करण्याचे ओझे उतरत नाही, हे यातून स्पष्ट होते. ६५-ब प्रमाणे छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र लागे. ते कितपत सक्तीचे यावर अन्वर विरुद्ध बशीर या २०१४ च्या निकालात एक, तर शफी मोहम्मद प्रकरणातल्या २०१८ च्या निकालात वेगळी भूमिका घेतली गेली. हा गुंता सुटला तो जालन्याच्या प्रकरणात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रफितींवर येऊन थांबला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ जुलै २०२० ला निकाल लागला : मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे. खटला चित्रफितींचा असला तरी छापील ईमेललाही हाच नियम लागू पडतो.

१ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक ईमेल सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि त्यात अभिलेखाचे हॅश मूल्य नोंदवायचे. हॅश म्हणजे संगणकाने त्या फाइलवरून काढलेली ठराविक लांबीची खूण. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ती बदलते. कागदाची हॅश काढता येत नाही. त्यामुळे छापील प्रतीवर विश्वास ठेवायचा तर मूळ फाइल जिवंत असली पाहिजे, हे कायद्यानेच मान्य केल्यासारखे झाले.

अभिलेख जपण्याच्या बाजूने सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ संगणकाने निर्माण केलेले साहित्य अभिलेखात धरतो. महाराष्ट्राचा स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये माहितीच्या व्याख्येतच ईमेलचा उल्लेख आहे. केंद्र सरकारच्या ईमेल धोरणाने अधिकाऱ्याला पदाच्या नावे एक आणि स्वतःच्या नावे एक असे दोन पत्ते देण्याची पद्धत घालून दिली. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरच्या असंख्य नस्त्या जळाल्या आणि महाराष्ट्रात कागदापलीकडे जाण्याची निकड सर्वांना पटली.

६. चार भूमिका

या पार्श्वभूमीवर आज चार भूमिका ठळकपणे दिसतात.

*पूर्ण तपशील छापा.* अभिलेखपाल आणि इतिहासाचे अभ्यासक या बाजूला झुकतात. छापलेल्या प्रत्येक ईमेलवर पाठवणाऱ्याचे नाव, पद व पत्ता, सर्व घेणाऱ्यांची न तोडलेली यादी, प्रती, तारीख, वेळ, विषय आणि जोडपत्रांची नावे असावीत, असे ते म्हणतात. मजकूर, संदर्भ आणि रचना हे तिन्ही मिळून अभिलेख होतो, या अभिलेखशास्त्राच्या मान्य तत्त्वावर ही भूमिका उभी आहे. तिचे बळ असे की कागद एकटा पडला तरी बोलतो. आग, पूर, प्रणाली बदलणे, कंत्राटदार बदलणे यांतून ईमेल गेला आणि नस्ती वाचली, तर मागे उरलेला पुरावा तोच. तिची मर्यादा अशी की शंभर जणांना गेलेल्या परिपत्रकाची यादी मजकुरापेक्षा लांब होते आणि वाचणारा मुख्य गोष्ट चुकतो.

*मूळ जपा, छापणे सोयीपुरते ठेवा.* संगणक व्यवस्थापक आणि पुराव्याच्या कायद्याचे बरेच अभ्यासक असे मानतात. कागदावर कितीही ओळी छापल्या तरी त्या बदलता येतात. खरी ओळख मूळ फाइल, तिचे हेडर आणि हॅश यांत आहे. मग कागदावर जेमतेम वाचण्यापुरते असले तरी चालेल, सारी मेहनत मूळ प्रत जपण्यावर घ्यावी. हॅशची नवी अट या भूमिकेला बळ देते. तिची कमकुवत बाजू व्यवहारातली आहे : पुष्कळ लहान कार्यालयांत मूळ ईमेल कोणी जपतच नाही. खाते भरले की जुने निरोप पुसले जातात आणि अधिकारी बदलला की खासगी पत्त्यावरचा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जातो.

*काय झाकायचे ते आधी ठरवा.* खासगीपणाचा आग्रह धरणारे ही बाजू मांडतात. तक्रारदार, रुग्ण, विद्यार्थी, माहिती मागणारा नागरिक यांचे पत्ते आणि दूरध्वनी छापील प्रतीबरोबर हातोहात फिरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत अधिकार मानला. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहिती अर्जदाराचा वैयक्तिक तपशील केंद्रीय मंत्रालयाने संकेतस्थळावर टाकल्याची गंभीर दखल घेतली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने तर माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीविषयीचे कलमच बदलले. या बाजूचे म्हणणे पूर्ण तपशीलाविरुद्ध नाही; तो नस्तीत असावा, बाहेर जाणाऱ्या प्रतीत नसावा, असे आहे. माहिती अधिकाराचे कार्यकर्ते यावर रास्त शंका घेतात : झाकण्याची मुभा मिळाली की निर्णय घेणाऱ्याचे नावही झाकले जाईल. माहिती अधिकाराच्या कलम १० नुसार झाकायचा भाग वेगळा काढून उरलेला द्यावा लागतो. दोन्ही बाजूंची भिस्त त्यावरच आहे.

*नियम नको, कार्यालयाच्या कामाप्रमाणे ठरवा.* कार्यालयीन व्यवस्थापन पाहणारे लोक सगळ्या ईमेलला एकच माप लावायला तयार नाहीत. महाराष्ट्रात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अ वर्ग कायम जपायचा, ड वर्ग वर्षभराने काढून टाकायचा. चहापानाच्या निरोपाला आणि भूसंपादनाच्या आदेशाला सारखाच तपशील मागणे व्यर्थ आहे, हे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. अडचण एवढीच की आज ड वर्गात टाकलेला निरोप उद्याच्या चौकशीत अ वर्गाचा ठरू शकतो, आणि छापताना ते कळत नाही.

७. न सुटलेले मुद्दे

चारही बाजूंनी बरेच काही मान्य केले असले तरी काही प्रश्नांवर कोणाकडेच समाधानकारक उत्तर नाही.

पहिला गुप्त प्रतीचा. पाठवणाऱ्याच्या प्रतीतूनच ती नावे मिळतात, म्हणून नस्तीसाठी पाठवणाऱ्याने छापावे असा उपाय सुचवला जातो. पण बाहेरून आलेल्या ईमेलला तो लागू पडत नाही. शिवाय गुप्त प्रत ठेवायचीच तर ती नस्तीत उघड का करायची, हाही आक्षेप आहे. दुसऱ्या बाजूने, सार्वजनिक कामाचा निरोप आणखी कोणाला गेला हे नागरिकाला कळू नये का, हा प्रश्न टाळता येत नाही.

दुसरा गटयादीचा. ‘सर्व जिल्हाधिकारी’ किंवा ‘सर्व मुख्याध्यापक’ एवढेच छापले तर त्या दिवशी यादीत कोण होते ते कळत नाही. १९९३ पासून अमेरिकेत ओळखलेली ही अडचण आपल्याकडे कोणत्याही ठळक नियमाने सोडवलेली नाही. यादीची तारीखवार प्रत जपणे हा उपाय सोपा आहे. ती कोणी जपायची हे मात्र ठरलेले नाही.

तिसरा पद आणि व्यक्तीचा. पदाच्या पत्त्यावरून गेलेला निरोप त्या खुर्चीचा असतो. खुर्चीवरचा माणूस बदलतो, आणि स्वीय सहायक तोच पत्ता वापरतो. पद कायम राहावे म्हणून पदाचा पत्ता हवा. जबाबदारी ठरावी म्हणून माणसाचे नाव हवे. दोन्ही एका ओळीत कसे आणायचे याची एकसारखी रीत नाही.

चौथा वेळेचा. पाठवल्याची वेळ पाठवणाऱ्याच्या यंत्राने लिहिलेली असते आणि छापताना ती छापणाऱ्याच्या प्रमाणवेळेत बदलून येऊ शकते. देशातल्या देशात हे खपते. परदेशातल्या मराठी कुटुंबाने वडिलार्जित जमिनीच्या वाटणीला ईमेलने संमती दिली असेल, तर तारीखच एका दिवसाने मागेपुढे होऊ शकते.

पाचवा प्रमाणपत्राचा. साक्ष अधिनियमातल्या प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागावर सही करणारा तज्ज्ञ नेमका कोण, तालुक्याच्या ठिकाणी तो कुठे मिळणार आणि त्याचे शुल्क कोण देणार, यावर वकिलांत एकमत नाही. लहान दाव्यातल्या पक्षकाराला ही अट जड जाते, हे दोन्ही बाजूंचे वकील मान्य करतात.

सहावा प्रणाली बदलण्याचा. कार्यालय एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे जाते तेव्हा जुने ईमेल हलवले जातात. त्या हलवाहलवीत पूर्ण हेडर आणि निरोपाचा ओळखक्रमांक शाबूत राहिला का, हे तपासण्याची सवय फार थोड्या ठिकाणी आहे.

८. आज चर्चा कुठे आहे

तीस वर्षांत वाद अरुंद झाला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. छापील प्रत एकटी मूळ अभिलेखाची जागा घेऊ शकते, असे आता जवळजवळ कोणी म्हणत नाही. पाठवणारा, सर्व उघड घेणारे, तारीख-वेळ आणि विषय या ओळी नस्तीतल्या प्रतीवर पूर्ण असाव्यात यालाही कोणाचा विरोध नाही. पूर्ण हेडर प्रत्येक पानावर छापण्याचा आग्रहही जवळपास मागे पडला आहे. ते मूळ फाइलमध्ये जपले की पुरे, असे बहुतेक मानतात. नस्तीतली पूर्ण प्रत आणि बाहेर द्यायची झाकलेली प्रत या दोन वेगळ्या ठेवाव्यात, इथपर्यंत खासगीपणाचे आणि खुलेपणाचे समर्थकही एकत्र आले आहेत. मतभेद उरला आहे तो काय झाकायचे यावर.

कागदाचे काम त्यामुळे नव्याने ठरते आहे. सिद्ध करणे हे मूळ फाइलचे काम. कागदाने वाचकाला त्या मूळ फाइलपर्यंत नेऊन सोडले पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांवर संगणक संकेतांक छापलेला असतो आणि त्यावरून संकेतस्थळावर मूळ निर्णय पाहता येतो. तसाच निरोपाचा ओळखक्रमांक आणि तो कोणत्या खात्यातून, कोणी, केव्हा छापला याची एक ओळ छापील ईमेलवर आली, तर वर मांडलेले कितीतरी प्रश्न हलके होतील. ही सोय बहुतेक प्रणालींत आधीपासून आहे. तिचा वापर कार्यालयीन शिस्तीचा भाग झालेला नाही, एवढेच.

ती शिस्त कोणी लावायची, हा खरा शिल्लक प्रश्न आहे. कायदा तपशील मागतो, पण तो रोज जपणारा हात बारनिशीतल्या लिपिकाचा, ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकाचा, शाळेच्या कार्यालयातल्या कनिष्ठ सहायकाचा असतो. त्यांना ना पुरेसे प्रशिक्षण मिळते, ना जुने ईमेल साठवायला जागा. कोणत्या ओळी छापाव्यात यावर समित्यांनी जेवढा विचार केला, तेवढाच या माणसांच्या हाताला काय द्यायचे यावर झाला, तर चोळपुरम्‌च्या नगरपंचायतीत आणि जालन्याच्या तहसील कार्यालयात आज छापलेला कागद पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला तर्क करत बसावे लागणार नाही.